पहिलं वादळ, नवं घर आणि सासऱ्यांचं फावडं

पत्र

मावशी, नमस्कार.

सप्टेंबरमध्ये आम्ही न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ अ‍ॅमहर्स्टला घर घेतलं. त्याआधी दहा वर्षं न्यू जर्सीत अपार्टमेंटमध्ये काढली. तिथे बर्फ पडला की कॉम्प्लेक्सची माणसं येऊन साफ करायची, आम्ही चहा पीत खिडकीतून बघायचो. आता ड्राइव्हवे आपला, छप्पर आपलं, घर गरम ठेवणारी फर्नेसही आपलीच. नवरा म्हणतो, "दहा वर्षं स्नो बघितलाय, त्यात काय एवढं? पहिलं वादळ छोटंच असतं, त्यात शिकू." तो कामासाठी महिन्यातून दोनदा विमानाने शिकागोला जातो. मागे मी, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं, आणि फलटणहून आलेले सासू-सासरे. ते मार्चपर्यंत आहेत.

सासरे एकाहत्तर वर्षांचे. जन्म उसात गेला. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. पण त्यांनी स्वतः दुकानात जाऊन बर्फाचं फावडं आणलंय आणि रोज गॅरेजमध्ये जाऊन ते हातात धरून बघतात. मी काही बोलले की, "अगं, रात्री-रात्री जागून उसाला दारं धरलेली माणसं आम्ही, या कापसाचं काय घेऊन बसलीस?" नवरा त्यांना काही बोलत नाही. मी जास्त बोलले तर सून उद्धट.

खरं सांगायचं तर मला या वादळाचं कौतुकही आहे. आपल्या घरातला पहिला बर्फ! सासूबाई म्हणतात, दारात ओवाळू या. पण रात्री झोप लागत नाही. बाहेरच्या भिंतीतून दोन पांढरे पाइप आलेत, ते विद्रूप दिसतात म्हणून मी त्यांच्यापुढे शेवंतीच्या कुंड्या मांडल्यात. बर्फात त्या तशाच राहू देऊ का? आधीच्या मालकांनी एक जनरेटर ठेवलाय, तो गॅरेजमध्येच चालवायचा असतो ना? असे पन्नास प्रश्न आहेत. कुठून सुरुवात करू?

— अ‍ॅमहर्स्टची नवी घरमालकीण

उत्तर

कुंड्यांपासून सुरुवात कर. आत्ता उठ, पायात काहीतरी घाल आणि शेवंती उचलून दुसरीकडे ठेव. पुढचं उत्तर नंतर वाचलंस तरी चालेल.

ते दोन पाइप म्हणजे तुमच्या फर्नेसचं नाक. एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर पडतो. जुन्या घरांत हे काम धुराड्यातून व्हायचं. नव्या पद्धतीच्या फर्नेसला धुराडं लागत नाही, म्हणून प्लॅस्टिकचे पाइप थेट भिंतीतून काढतात, बरेचदा जमिनीपासून जेमतेम फूट-दीड फुटावर. वाऱ्याने बर्फाचा ढीग भिंतीला लागला की ते बुजतात. मग बहुतेक वेळा फर्नेस आपोआप बंद पडते आणि पहाटे तीनला घर गार पडतं. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. वाईट प्रकार म्हणजे बाहेर जायचा वायू घरात मुरतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, आणि आपल्याला वाटतं थंडीने अंग मोडून आलंय. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर गोळ्या शोधत बसायचं नाही. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि ९११ ला फोन लावायचा.

न्यूयॉर्क राज्यात २०१० पासून घरात या वायूचा अलार्म असणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे तुमच्याकडे तो असेल. पण तो खाली काढून मागची तारीख बघ. या अलार्मचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षं असतं, आणि घर विकणारा माणूस जाता जाता तो नवा लावून जाईल अशी आशा ठेवू नये. झोपायच्या खोल्यांजवळ एक हवाच, प्रत्येक मजल्यावर असेल तर उत्तम.

आता फूटपट्टी घेऊन पाइपांचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे ते मोज. गुडघ्याखाली असेल तर मोठ्या वादळात दर काही तासांनी कुणीतरी तिथवर जाऊन हाताने बर्फ बाजूला करावा लागेल. तो माणूस कोण आणि कुठल्या दाराने जाणार, हे आजच ठरव. तुमच्या दाराला बाहेरून काचेचं स्टॉर्म डोअर असेल. नाव वादळाचं, पण ते उघडतं बाहेरच्या बाजूला, आणि समोर तीन फूट बर्फ साचला की हलत नाही. गॅरेजमधून वाट निघते का बघून ठेव. कपड्यांच्या ड्रायरचं तोंडही त्याच भिंतीवर कुठेतरी असेल, तेही मोकळं हवं. गॅस मीटरवरचा बर्फ मात्र फावड्याने ठोकायचा नाही, झाडूने अलगद झटकायचा.

जनरेटर गॅरेजमध्ये चालवायचा नाही. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवूनही नाही. घरापासून किमान २० फूट लांब, खिडक्या-दारांकडे धूर येणार नाही अशा बेताने, उघड्यावर. त्याची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून सगळं घर चालवायची अक्कल कुणी शिकवली तर ऐकू नकोस. ती वीज उलटी तारेत जाते आणि रस्त्यावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा जीव घेते. एखाद्या कोरड्या रविवारी नवऱ्याला तो एकदा सुरू करून दाखवायला सांग. तुला स्वतःला तो सुरू करता आला नाही, तर तो नाहीच असं धरून बाकीची तयारी कर, कारण वादळ नवऱ्याचा शिकागोचा दौरा बघून येत नाही.

याच न्यायाने घरातल्या आणखी तीन गोष्टी तुला डोळे मिटून सापडल्या पाहिजेत: पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह, विजेचं पॅनेल आणि फर्नेसचा स्विच. बाहेरच्या नळाला बागेचा पाइप अजून लावलेला असेल तर काढ. आतून त्या नळाचा व्हॉल्व्ह बंद कर आणि बाहेरचा नळ उघडा सोडून दे. राहिलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि भिंतीतला पाइप फोडतं. ते कळतं एकदम बर्फ वितळल्यावर, बेसमेंटमध्ये तळं झाल्यावर. फर्नेसचा फिल्टर बदलून घे. फर्नेस गॅसवर चालत असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो, म्हणजे वीज गेली की ऊबही गेली. एवढं घरापुरतं पुरे.

आता नवऱ्याच्या "पहिलं वादळ छोटंच असतं" या सिद्धांताकडे येऊ. न्यू जर्सीत तो कदाचित खपला असता. बफेलोत परिस्थिती जवळपास उलटी आहे, आणि त्याला कारण ईरी सरोवर.

नोव्हेंबरमध्ये कॅनडाकडून कडाक्याची थंड हवा उतरते तेव्हा सरोवराचं पाणी उन्हाळ्याची ऊब धरून असतं. वारा नैऋत्येचा झाला की ती हवा सरोवराच्या लांबीवरून, म्हणजे सुमारे २४० मैल, पाण्याची वाफ उचलत येते आणि बफेलोच्या किनाऱ्यावर सगळं ओझं उतरवते. पाणी जितकं उबदार आणि हवा जितकी थंड, तितका मारा मोठा. ईरी हे इथल्या पाचही मोठ्या सरोवरांत सगळ्यात उथळ, त्यामुळे पुढे जानेवारी-फेब्रुवारीत ते बरेचदा गोठतं आणि वाफेचा पुरवठा आटतो. थोडक्यात, इथला हिवाळा हळूहळू रंगत जात नाही. त्याचा जोर सुरुवातीलाच असू शकतो. २०१४ आणि २०२२, दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर, कॅलेंडरवर हिवाळा सुरू व्हायच्या आधीच, शहराच्या दक्षिणेला पाच-सहा फूट बर्फ पडला होता. इंच नव्हे, फूट. नवऱ्याला हे दोनदा वाचून दाखव.

शेजारी तुला सांगतील, "ते सगळं साउथटाउन्समध्ये, बफेलोच्या दक्षिणेच्या गावांत. आपण उत्तरेचे, नॉर्थटाउन्सवाले, सुटतो." बऱ्याचदा ते खरं असतं. हा बर्फ अरुंद पट्ट्यात पडतो. पट्ट्याच्या आत समोरची गाडी दिसत नाही आणि काही मैलांवर लख्ख ऊन असतं. २०१४ मध्ये दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कच्या बाजूला माणसं घरांत गाडली गेली होती आणि उत्तरेला काही इंचांवर भागलं होतं. पण पट्टा वाऱ्याबरोबर सरकतो, आणि वारा शेजाऱ्यांना विचारून फिरत नाही. १२-१३ ऑक्टोबर २००६ चं वादळ विचार त्यांना. ऑक्टोबर! झाडांवर पानं होती, त्यांवर ओला बर्फ चढला, आणि फांद्या कडाकडा मोडून तारांवर पडल्या. बफेलो विमानतळावर २२.६ इंचांची नोंद झाली, आणि अ‍ॅमहर्स्टसकट कितीतरी भागांत वीज गेली. काही घरांना ती परत यायला आठवड्याहून जास्त लागलं. तुमच्या घराकडे येणाऱ्या विजेच्या तारेवर कुठल्या झाडाची फांदी आलीय, ते या शनिवारी मान वर करून बघून घे.

म्हणून नवऱ्यासाठी एक नियम, तोही आधीच ठरवलेला, कारण विमानतळावर उभं राहून माणूस शहाणपणाने विचार करत नाही. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या बफेलो कार्यालयाने 'वॉच' दिला की वादळाची शक्यता धरायची. 'वॉर्निंग' दिली की ते आलंच किंवा येऊन ठेपलंच. वॉच लागला आणि तो बफेलोत असेल, तर शिकागोची फेरी रद्द. तो शिकागोत असेल, तर वादळ संपेपर्यंत तिथेच. "बायका-मुलं एकटी आहेत, कसंही करून पोचतो" हे ऐकायला छान वाटतं, पण निम्म्या रस्त्यात अडकलेला नवरा तुझ्या डोक्याला दुसरा घोर.

हे मी २०२२ च्या नाताळानंतर जास्त आग्रहाने सांगते. २३ डिसेंबरला, शुक्रवारी, पाऊस होता तो काही तासांत बर्फाचा झाला, तापमान धाडकन उतरलं आणि वारा ताशी ७० मैलांच्या झोतांनी सुटला. वेदर सर्व्हिसच्या भाषेत ब्लिझर्ड म्हणजे ताशी ३५ मैलांचा वारा आणि पाव मैलाच्या आत संपणारी नजर, सलग तीन तास. बफेलोत ते ३७ तास चाललं. ईरी काउंटीत चाळीसहून अधिक माणसं गेली. कुणी गाडीत अडकून, कुणी रस्त्यावर चालताना, कुणी गार पडलेल्या घरात, कुणी बर्फ उपसताना हृदय बंद पडून. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या गाड्यासुद्धा अडकल्या होत्या. अंदाज आधीच दिलेला होता. गाडी चालवायला बंदी जाहीर झाली तोवर मात्र बरीच माणसं सवयीने कामाला निघून गेली होती. काउंटीचा 'ट्रॅव्हल बॅन' लागला की दूध संपलंय हे कारण चालत नाही. आणि बंदी लागायची वाटही कशाला बघायची? वादळाच्या दिवशी तुमच्या घराला एकच काम आहे: आत बसणं. बाकीची कामं आदल्या दिवशी संपलेली हवीत.

त्या यादीतलं "बर्फ उपसताना" वाचलंस ना? मग आता सासरे.

त्यांना "बाबा, तुम्हाला झेपणार नाही" असं सांगू नकोस. साठ वर्षं जे अंगमेहनतीवर उभे राहिले त्यांना हे वाक्य अपमानाचं वाटतं आणि ते मुद्दाम फावडं उचलतात. फावडं लपवूही नकोस. ते दुसरं आणतील, आणि यावेळी मोठं. त्यांच्याशी टनात बोला. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे २० फूट रुंद आणि ५० फूट लांब धर. त्यावर एक फूट बर्फ पडला, फार ओला नसलेला, तरी त्याचं वजन जवळजवळ २,८०० किलो भरतं. ओला असला तर दुप्पट-तिप्पट. कारखान्यावर उसाचं वजन टनात करून घेतलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी पाहिलेला बर्फ टीव्हीवरचा आहे, तिथे तो कापसासारखाच दिसतो.

मग कारण सांगायचं, उपदेश न करता. थंड हवेत रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आणि त्याच वेळी हातांनी जड उचलताना आपण नकळत श्वास रोखतो. हृदयाला मागणी दुप्पट आणि पुरवठा कमी. उसाला दारं धरताना ते रात्रभर चालत होते, पण फलटणच्या हवेत, आणि तेव्हा वय वेगळं होतं, स्टेंट नव्हता. इथले डॉक्टर हृदयाच्या पेशंटला बर्फ उपसायला सरळ मनाई करतात. म्हणून हे बोलणं तुझ्याऐवजी दोघांनी करावं. एक त्यांचा मुलगा. वडिलांना नाही म्हणायची जबाबदारी बायकोवर ढकलून स्वतः गोड राहायचं, हे त्याला शोभत नाही, आणि हे वाक्य तू त्याला माझ्या नावावर खुशाल दाखव. दुसरे त्यांचे तिकडचे हार्ट स्पेशालिस्ट. या आठवड्यात व्हिडिओ कॉल लावून द्या आणि सासऱ्यांनाच विचारू द्या: "डॉक्टरसाहेब, बर्फ काढू का?" सुनेचं 'नाही' कुणी ऐकत नाही; डॉक्टरसाहेबांचं 'नाही' म्हणजे कायदा.

तरीही अडून बसले तर एक व्यवहाराची गोष्ट आहे. पाहुणे म्हणून आलेल्यांचा विमा बहुतेक वेळा आधीपासून असलेला आजार पुरता धरत नाही. त्यांच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते आज काढून वाच. इथे हृदयविकारासाठी हॉस्पिटलात काढलेल्या दोन रात्रींचं बिल किती येतं हे ऐकल्यावर भल्याभल्या बागायतदारांचा आवाज उतरतो.

पण नुसतं नाही म्हणून भागणार नाही, त्यांच्या हाताला काम हवं. आणि एक काम असं आहे की ते तुम्हा कुणापेक्षाही त्यांना जास्त चांगलं जमेल. त्यांना बर्फाचं माप ठेवायला सांग. सोळा इंची चौकोनी प्लायवूडची फळी घ्यायची, पांढरा रंग द्यायचा, आणि मागच्या दारापासून काही पावलांवर, भिंतीपासून आणि झाडापासून दूर, सपाट ठेवायची. वेदर सर्व्हिससाठी माप घेणारेही अशीच फळी वापरतात. दर सहा तासांनी त्यावर पट्टी उभी धरून उंची लिहायची, मग फळी झटकून परत ठेवायची. सहा तासांच्या आत झटकायची नाही, नाहीतर आकडा फुगतो. ताजा बर्फ आपल्याच वजनाने दबत असतो. शिवाय सरळ काठाच्या एका डब्यात बर्फ जमवून तो घरात वितळवायचा आणि पाणी मिलिमीटरमध्ये मोजायचं. ढोबळमानाने दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी होतं, पण सरोवराचा बर्फ कधी वीस इंचांना एक इतका पोकळ, तर कधी चिखलासारखा जड. आपल्याकडे शेतकरी पावसाळ्यात किती मिलिमीटर झाला हे एकमेकांना विचारतच असतात. फलटणला संध्याकाळी फोन लावून "आज अठरा इंच, पाणी बावीस मिलिमीटर" असं सांगायला मिळालं तर फावड्याची आठवण पातळ होईल. वही मोठ्या नातवाला लिहायला द्या. पाइपांवर खिडकीतून नजर ठेवायचं कामही त्यांचंच. फळीपर्यंत जातानाही नाक-तोंड मफलरने झाकलेलं आणि बुटांना खाली काटे लावलेले हवेत; पडून खुबा मोडणं हे इथल्या हिवाळ्याचं दुसरं दुखणं.

मग ड्राइव्हवे कोण साफ करणार? या भागात हंगामाचं कंत्राट घेऊन गाडीने बर्फ ढकलणारे प्लाववाले असतात. नोव्हेंबर उजाडला की त्यांच्या जागा भरत जातात, म्हणून उद्याच फोन कर. ते ड्राइव्हवेच्या कडेला काठ्या रोवून जातील, त्या उपटायच्या नाहीत. बर्फाखाली हिरवळ कुठे संपते हे त्यांना त्यावरून कळतं. मात्र प्लाववाला दारापर्यंतची पायवाट आणि फर्नेसचे पाइप साफ करत नाही. ते तुझ्या आणि नवऱ्याच्या वाट्याला. एकदम दोन फूट साचू देण्यापेक्षा दर चार-सहा इंचांना बाहेर पड. फावड्याने ढकल, उचलावं लागलं तर अर्धंच भर. तू पायवाट चकाचक केल्यावर टाउनचा मोठा प्लाव येतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्यावरचा सगळा जड, घाण बर्फ आणून टाकतो, त्याला शिव्या घालायचा प्रत्येक घरमालकाला हक्क आहे. पण तो बर्फ परत रस्त्यावर ढकलायचा नाही, राज्यात त्याला बंदी आहे. दगडी मीठ साधारण १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही. त्याहून जास्त थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापर किंवा नुसती वाळू टाक, निदान पाय घसरणार नाही. स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवणारं यंत्र, घेतलात तर एकच: त्याच्या तोंडात बर्फ अडकला तर हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी. सोबत येणारी काठी वापरायची.

स्वयंपाकघराबद्दल मी मराठी बाईला काय सांगू? डाळ-तांदूळ, पिठलं, मेतकूट यांवर तुम्ही पंधरवडा काढाल. फक्त शेगडी कसली आहे बघ. गॅसची असेल तर बहुतेक वेळा वीज गेल्यावर बर्नर काडीने पेटवता येतो. विजेची असेल तर न शिजवता खाता येईल असं चार दिवसांचं ठेव. गॅसचा ओव्हन उघडा टाकून घर गरम करायचं नाही, कारण तिथेही तोच कार्बन मोनॉक्साइड. सासऱ्यांच्या गोळ्या निदान दोन आठवड्यांच्या हाताशी हव्यात. सासूबाईंची तुळस बाहेर असेल तर आजच आत घे, दक्षिणेच्या खिडकीत, पण फर्नेसच्या गरम हवेच्या जाळीवर नको. तिथे ती आठवड्यात वाळते.

आणि कौतुकाचं काय? ते भरपूर करा. सासूबाईंना ओवाळू दे, दारात उभं राहून, आतल्या बाजूने. निरांजन चालेल. कापूर आणि धूप स्मोक अलार्मच्या खाली नको, आणि तो अलार्म एखाद्या कंपनीला जोडलेला असेल तर अजिबातच नको, नाहीतर पहिल्या बर्फाबरोबर फायर ट्रकलाही ओवाळावं लागेल. मुलांना शाळेतून कळलंच असेल, पण इथे 'स्नो डे', म्हणजे बर्फाची सुट्टी, मिळावी म्हणून पोरं आदल्या रात्री पायजमा उलटा घालून झोपतात आणि टॉयलेटमध्ये बर्फाचे खडे टाकून फ्लश करतात. घालू दे. वादळ चालू असताना मात्र अंगणात खेळायला कुणी नाही. वारा पडला, पाइप मोकळे झाले, की मग सगळ्यांनी बाहेर; प्लावने केलेल्या ढिगात बोगदा खणायचा नाही, तो कोसळतो आणि आतलं पोर प्लाववाल्याला दिसत नाही.

एक शेवटची तयारी राहिली. त्याच २०२२ च्या वादळात तुमच्याच बाजूला, विल्यम्सव्हिलला, नायगाराला निघालेली एक व्हॅन घसरून बर्फात रुतली. आत दक्षिण कोरियाचे पर्यटक आणि ड्रायव्हर, सगळे मिळून दहाजण. दोघांनी समोरच्या घराची बेल वाजवली, फावडी मागायला. घरातल्या नवरा-बायकोने फावडी न देता सगळ्यांनाच आत घेतलं. त्यांना कोरियन जेवणाचं वेड, त्यामुळे घरात किमचीपासून सगळं होतं, आणि नाताळ त्या पाहुण्यांनीच रांधला. तुमच्याकडे दहाजण येतील असं नाही. पण शेजारच्या घरात एखादी एकटी म्हातारी असेल, तिची फर्नेस बंद पडेल, आणि ती तुमच्याकडे यायला लाजेल, कारण तुमची ओळखच नाही. किंवा तुमची बंद पडेल आणि तुम्ही लाजाल. म्हणून दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घराचे फोन नंबर तुझ्याकडे हवेत. फराळाचा डबा अजून रिकामा झाला नसेल तर या रविवारी सासूबाईंना घेऊन तिन्ही घरी जा. चकल्या दे, नंबर घे, आणि निघताना सहज विचार, स्नोब्लोअर कुणाकडे आहे.